जुन्या गेम कन्सोलसाठी हातबांधणीचा आर्केड कंट्रोलर : तयार संच आणि सुट्या भागांचे परीक्षण

आठ किंवा सोळा बिटांच्या जुन्या गेम कन्सोलला आर्केड यंत्रावर असते तशी जॉयस्टिक आणि मोठी गोल बटणे जोडायची इच्छा असणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे कोणत्याही नामांकित कंपनीचा शिक्का नसलेला तयार संच, ज्यात एक जॉयस्टिक, आठ-दहा बटणे, एक छोटा बोर्ड आणि टोकांना क्लिपा लावलेल्या वायरी एका पिशवीत भरून येतात. दुसरा म्हणजे जपानी आर्केड यंत्रांसाठी बनणारे सुटे भाग एकेक निवडून घेणे आणि आपल्या कन्सोलला समजेल असे सर्किट स्वतंत्रपणे जोडणे. दोन्ही प्रकारचे साहित्य एकाच पेटीत आलटून पालटून बसवून वापरल्यानंतर हे परीक्षण लिहिले आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर, तयार संचातील वायरी उत्तम आहेत, बटणे चालवून घेण्यासारखी आहेत, जॉयस्टिक बदलावी लागते आणि बोर्ड मूळ कन्सोलच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. ज्याचे बजेट मर्यादित आहे त्याने ते जॉयस्टिक आणि पेटी यांवर खर्च करावे, कारण सर्किटाचा भाग या सगळ्या प्रकरणात सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त आहे.

बोर्डाचा विषय पहिल्यांदा घेणे भाग आहे, कारण खरेदी करताना सर्वांत मोठा गैरसमज तिथेच होतो. संचाच्या वेष्टनावर ‘रेट्रो’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो, पण आतून निघतो तो यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांचे दाब यूएसबीच्या संदेशांत बदलून देणारा बोर्ड. निंटेंडोचे फॅमिकॉम (जपानबाहेर एनईएस) १९८३ मध्ये आले, सेगाचे मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये आणि सुपर फॅमिकॉम (जपानबाहेर सुपर निंटेंडो) १९९० मध्ये. यूएसबीचे पहिले मानक मात्र १९९६ सालचे आहे. म्हणजे ज्या यंत्रांच्या नावाने हा संच विकला जातो, त्यांपैकी एकाही यंत्राला त्याची भाषा येत नाही. संगणक, रास्पबेरी पाय किंवा मेगा ड्राइव्ह मिनीसारखी यूएसबी स्वीकारणारी अलीकडची प्रतिकृती असेल तर हा बोर्ड लगेच कामाला लागतो. एनईएस क्लासिक मिनीला तोही उपयोगाचा नाही, कारण तिच्या कंट्रोलरची जोडणी निंटेंडोच्याच ‘वी’ कन्सोलच्या रिमोटला लावायच्या उपकरणांसारखी आहे. या बोर्डांना ‘झीरो डिले’ असे नाव देण्याची पद्धत पडली आहे, ते केवळ नावच समजावे. यूएसबी उपकरणाकडे त्याचा यजमान ठरावीक अंतराने विचारणा करतो आणि त्या अंतरापर्यंतचा विलंब कुठेतरी शिरतोच. माझ्या संचातील बोर्ड संगणकावर व्यवस्थित चालला. तक्रार आहे ती वेष्टनावरील शब्दाची.

मूळ कन्सोलचा कंट्रोलर आतून किती साधा आहे हे एकदा पाहिले की ही तक्रार अधिकच खटकते. एनईएसच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची एकच आठ बिटांची शिफ्ट रजिस्टर चिप असते. कन्सोलकडून पाच वायरी येतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. लॅचच्या वायरीवर स्पंद आला की चिप त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपून ठेवते, आणि पुढे क्लॉकच्या प्रत्येक स्पंदाला एकेक बिट डेटाच्या वायरीवरून कन्सोलला देत जाते. क्रमही ठरलेला आहे: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सुपर निंटेंडोने हीच पद्धत सोळा बिटांपर्यंत वाढवली. तिथे लॅच स्पंद १२ मायक्रोसेकंदांचा असतो, क्लॉकचे आवर्तनही १२ मायक्रोसेकंदांचे असते, आणि सगळे वाचन सुमारे २०० मायक्रोसेकंदांत उरकते. ज्या यंत्रावर चित्राची एक चौकट १६.७ मिलिसेकंद टिकते, तिथे हा काळ नगण्य आहे. विलंबाच्या बाबतीत चार दशकांपूर्वीची ही रचना आजच्या बहुतेक रचनांना सहज मागे टाकते, आणि ती घरी बांधायला एक चिप, काही रोधक आणि एक छोटा कपॅसिटर एवढेच लागते.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की मूळ कन्सोल वापरणाऱ्याने संचातला बोर्ड बाजूला ठेवावा आणि ४०२१ चे सर्किट छिद्रे असलेल्या साध्या बोर्डावर स्वतः जोडावे. चिपच्या आठही इनपुटांना प्रत्येकी १० किलोओहमचा रोधक लावून पाच व्होल्टना बांधावे, बटणाचे एक टोक त्या इनपुटाला आणि दुसरे ग्राउंडला जोडावे, आणि चिपच्या वीजपुरवठ्याच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा. ही चिप सीमॉस जातीची असल्यामुळे एकही इनपुट मोकळे सोडता कामा नये. मोकळे इनपुट अंगावरच्या किंवा हवेतल्या विजेने वाटेल तसे हेलकावते आणि कोणी हात न लावताही पडद्यावरचे पात्र चालू लागते. चिपच्या १६ पायांपैकी तिसरा पाय डेटाचा, नववा लॅचचा आणि दहावा क्लॉकचा. अकरावा पाय, म्हणजे मालिकेतील पुढच्या चिपकडून येणारे इनपुट, ग्राउंडला जोडावा. सुपर निंटेंडोसाठी अशा दोन चिपा एकामागे एक लावल्या की काम झाले.

ज्यांना हा खटाटोप नको असेल ते जुन्या कंट्रोलरच्या सर्किटाच्या पाटीवर थेट वायरी झाळतात. पद्धत चालते, पण तीत दोन अडचणी आहेत. चांगल्या स्थितीतील मूळ कंट्रोलर यासाठी फोडणे मला पटत नाही. आणि स्वस्त नकली कंट्रोलरमध्ये चिपच्या जागी काळ्या लाखेचा थेंब असतो, आणि बटणांच्या जागी कार्बनचा थर असतो, ज्यावर कथील धरत नाही. मग तांब्याची पट्टी उघडी पडेपर्यंत वरचा हिरवा थर खरवडावा लागतो, आणि ती पट्टी इतकी नाजूक असते की वायरीला थोडा ताण बसला तरी पाटीपासून सुटून येते.

सेगाच्या मेगा ड्राइव्हचे गणित वेगळे आहे. त्याची नऊ टाचण्यांची जोडणी अटारी २६०० च्या जोडणीसारखी दिसते, पण पाच व्होल्ट अटारीत सातव्या टाचणीवर असतात आणि मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या. मेगा ड्राइव्हची सातवी टाचणी सिलेक्टची आहे. ती उंचावली की कंट्रोलर बी आणि सी बटणांची स्थिती सांगतो, खाली आली की ए आणि स्टार्टची. तीन बटणांच्या कंट्रोलरमध्ये हे काम ७४एचसी१५७ ही चिप करते. सहा बटणांचा कंट्रोलर १९९३ मध्ये आला. आर्केडमधील सहा बटणांच्या मारामारीच्या खेळांनी तशी गरज निर्माण केली होती. त्यात सिलेक्टचे स्पंद मोजून जादा बटणे कळवली जातात, आणि ते सर्किट साध्या चिपांतून उभे करण्यापेक्षा छोटा मायक्रोकंट्रोलर वापरणे शहाणपणाचे ठरते. एका कन्सोलचा कंट्रोलर दुसऱ्याला लावून पाहण्याचा मोह केवळ जोडणीचा आकार जुळतो म्हणून होत असेल, तर तो आवरलेला बरा.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे जॉयस्टिककडे. सुट्या भागांपैकी सर्वांत जास्त वापरली जाणारी जॉयस्टिक म्हणजे सान्वा कंपनीची जेएलएफ-टीपी-८वायटी. तिच्यात चार मायक्रोस्विच, म्हणजे दाबताच खट् आवाज करणारे छोटे खटके, एकाच पाटीवर बसवलेले असतात आणि त्या पाटीवरून पाच वायरींची एक जुडी बाहेर येते: चार दिशा आणि एक सामाईक ग्राउंड. वरचा गोळा ३५ मिलिमीटर व्यासाचा असून तो सहा मिलिमीटरच्या आट्यांवर बसतो. दांड्याच्या खालच्या टोकाला पेचकसासाठी खाच दिलेली असल्यामुळे तो सहज काढता येतो. स्प्रिंग हलकी आहे आणि दांड्याचा प्रवास तसा लांब आहे. ज्यांची बोटे लहानपणापासून कन्सोलच्या अधिक-चिन्हाच्या पॅडवर वळलेली आहेत, त्यांना ही जॉयस्टिक पहिल्यांदा सैल, किंबहुना ढिली वाटेल. हा दोष नव्हे, कारण आर्केडमध्ये मनगट न दुखवता तासन्‌तास खेळता यावे यासाठीच ती हलकी ठेवलेली आहे. तरीही जुन्या कन्सोलवरच्या सगळ्याच खेळांना हा हलकेपणा मानवत नाही.

हा मुद्दा जरा विस्ताराने मांडायला हवा, कारण इतरत्र वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत तो गाळलेला असतो. जेएलएफ मुळात चौकोनी गेटसह येते. दांडा कुठवर जाऊ शकतो हे ठरवणारी ही तळाची चौकट चौकोनी असल्यामुळे कोपऱ्यात दांडा खोलवर बसतो आणि तिरप्या दिशा हाताला अचूक कळतात. सरळ दिशांना मात्र सपाट कड मिळते आणि तिच्यावरून दांडा नकळत बाजूला घसरू शकतो. मारामारीच्या किंवा विमानाने गोळ्या झाडण्याच्या खेळांत तिरप्या दिशा सतत लागतात, म्हणून तिथे चौकोनी गेट उत्तम. पण आठ बिटांच्या काळातील उड्या मारत पुढे जाण्याचे असंख्य खेळ चार दिशांचा विचार करून रचलेले आहेत. त्यांत शिडी चढताना दांडा किंचित तिरपा झाला तर पात्र शिडीवरून उतरते, आणि धावताना खालचा खटका दाबला गेला तर ते मध्येच बसकण मारते. खेळाडूचा हात चुकतो असे वाटते, पण चुकीचे असते ते गेट.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी वापरून पाहिले. जीटी-वाय नावाचे अष्टकोनी गेट त्याच जॉयस्टिकला बसते. त्यात आठही दिशांना खाच मिळते, त्यामुळे सरळ दिशा हाताला कळतात, मात्र वेगाने गोल फिरवण्याच्या चाली थोड्या अडखळत्या वाटतात. चक्रव्यूहासारख्या, निव्वळ चार दिशांच्या खेळांसाठी मूळ गेटच ४५ अंशांनी फिरवून पाचरीसारखे उभे करता येते, म्हणजे कोपरे सरळ दिशांवर येतात आणि तिरप्या दिशा जवळजवळ बंद होतात. माझ्या पेटीत आता अष्टकोनी गेट कायमचे बसले आहे. मारामारीचे खेळ प्रामुख्याने खेळणाऱ्याने ते बसवू नये, असेही त्याच दमात सांगायला हवे. सेइमित्सू कंपनीची एलएस-३२ ही दुसरी जॉयस्टिक अधिक ताठ आहे आणि तिचा खटका लवकर लागतो. गोळीबाराच्या खेळांत बारीक हालचाल करणाऱ्यांना ती जास्त आवडते आणि कन्सोलच्या पॅडवरून येणाऱ्यालाही ती लवकर सवयीची होते. अमेरिकी आर्केडमधील हॅप पद्धतीची, गोळ्याऐवजी बॅटच्या मुठीसारखा दांडा असलेली जॉयस्टिक पूर्ण मुठीत धरून खेळणाऱ्यांसाठी आहे. ती बरीच जड चालते आणि पेटीत जास्त खोली मागते.

तयार संचातील जॉयस्टिक वरवर पाहता जेएलएफची हुबेहूब नक्कल आहे. गोळा तितकाच मोठा, पत्र्याची पट्टी तीच, पट्टीवरची भोकेसुद्धा जुळतात, ही एक सोय म्हणायची, कारण नंतर जॉयस्टिक बदलताना पेटीला नवी भोके पाडावी लागत नाहीत. फरक हातात घेतल्यावर कळतो. स्प्रिंग दांड्याला मध्यावर आणते पण तिथे स्थिर ठेवत नाही. दांडा सोडला की तो हलकेच थरथरतो. माझ्या संचातील जॉयस्टिकमध्ये डावीकडचा खटका उजवीकडच्यापेक्षा स्पष्टपणे आधी वाजत असे, आणि दोन पावले मागे-पुढे करून नेमक्या जागी उभे राहण्याचे जे कसब जुन्या खेळांत पदोपदी लागते, ते या असमानतेमुळे हाती येत नसे. मायक्रोस्विच वाकवून आणि कागदाची पातळ चकती घालून तो फरक कमी करता आला, पण तो पूर्णपणे गेला नाही.

मायक्रोस्विच सुटे असलेली जॉयस्टिक जोडताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दांडा मध्यभागी टेकलेला असल्यामुळे वरचे टोक पुढे गेले की खालचे टोक मागे जाते. म्हणजे ‘वर’ या दिशेचा खटका जॉयस्टिकच्या खेळाडूकडच्या बाजूला असतो आणि ‘डावीकडे’चा उजव्या बाजूला. संचासोबत आलेल्या चित्रात हे दाखवलेले नव्हते. मल्टिमीटरने सातत्य तपासून प्रत्येक वायरीला आधीच चिठ्ठी लावली की गोंधळ उरत नाही.

बटणांबाबत मी तितका कठोर नाही. सान्वाची ओबीएसएफ-३० ही ३० मिलिमीटरची बटणे अत्यंत हलकी आहेत. बोट नुसते टेकवून ठेवले तरी एखाद्या वेळी दाबली जातात, आणि ज्याला बोटे बटणांवर विसावून बसायची सवय आहे त्याला आरंभी हे त्रासाचे वाटते. पण पटापट दाबण्याच्या कामात त्यांची सर दुसऱ्या कोणाला येत नाही. संचातील बटणे मधोमध दाबली तर जवळपास तितकीच चांगली चालतात. कडेला दाबली की टोपी बाजूच्या भिंतीला घासते आणि वर यायला क्षणभर उशीर करते. आवाज मोठा आहे, एवढीच उरलेली तक्रार. बटण कुठलेही असो, त्याला दोन पत्र्याचे पाय असतात आणि कोणती वायर कोणत्या पायाला लावली याने काही बिघडत नाही. क्लिपांची रुंदी मात्र पाहून घ्यावी: जपानी पद्धतीच्या बटणांना २.८ मिलिमीटरच्या क्लिपा लागतात, तर हॅप पद्धतीच्या मायक्रोस्विचना बहुधा ४.८ मिलिमीटरच्या. संचात आलेल्या वायरी २.८ मिलिमीटरच्या होत्या, क्लिपा घट्ट होत्या आणि ग्राउंडची वायर सर्व बटणांना फिरवून आणता येईल अशी एकाच साखळीत दिलेली होती. संचातल्या सर्व वस्तूंमध्ये मला हीच सर्वांत मोलाची वाटली, कारण इतक्या क्लिपा हाताने दाबून बसवणे हे वेळखाऊ आणि कंटाळवाणे काम आहे.

मायक्रोस्विचबद्दल एक शंका वारंवार उपस्थित होते ती अशी की, खटका लागताना त्याची पाती काही क्षण थरथरतात आणि एका दाबाचे दोन दाब नोंदले जातील की काय. यूएसबी बोर्डात ही काळजी आतील प्रोग्रामला घ्यावी लागते. जुन्या कन्सोलवर मात्र बहुतेक खेळ कंट्रोलर एका चौकटीत एकदाच वाचतात. थरथर काही मिलिसेकंदांची असते आणि दोन वाचनांमधले अंतर १६.७ मिलिसेकंदांचे, त्यामुळे थरथरीच्या काळात फार तर एक वाचन सापडू शकते आणि दुहेरी दाब दिसण्याचा प्रश्न उरत नाही. ४०२१ च्या सर्किटात त्यासाठी वेगळी योजना करण्याची गरज मला भासली नाही.

बटणांची मांडणी हा आवडीनिवडीचा भाग असला तरी एनईएससाठी एक सूचना करावीशी वाटते. मूळ कंट्रोलरवर बी डावीकडे आणि ए उजवीकडे असते, आणि अनेक खेळांत अंगठ्याच्या टोकाने बी दाबून ठेवत त्याच अंगठ्याच्या पेराने ए दाबायचे असते. आर्केडच्या पेटीवर हे काम तर्जनी आणि मध्यमा यांच्याकडे जाते. दोन्ही बटणे एका सरळ रेषेत ठेवली तर मनगट बाहेरच्या बाजूला वळवावे लागते. ए बटण किंचित वर घेतले की बोटांची नैसर्गिक ठेवण सांभाळली जाते. दोन बटणांच्या केंद्रांमध्ये ३६ मिलिमीटरच्या आसपास अंतर पुरते. स्टार्ट आणि सिलेक्टसाठी २४ मिलिमीटरची छोटी बटणे घ्यावीत आणि ती पुढच्या कडेला किंवा वरच्या कोपऱ्यात, हात सहज पोहोचणार नाही अशा जागी लावावीत. खेळाच्या ऐन भरात स्टार्टला धक्का लागणे ही या कंट्रोलरची एक ठरलेली व्याधी आहे.

आता पेटी, जिच्याविषयी संच आणि सुट्या भागांचे विक्रेते दोघेही मौन पाळतात. बारा मिलिमीटरचे प्लायवूड बळकट असते, पण त्याच्या खालून जॉयस्टिक बसवली तर दांड्याचा बराचसा भाग लाकडातच अडकतो आणि गोळा पृष्ठभागाच्या फार जवळ राहतो. शिवाय ओबीएसएफ जातीच्या खटक्याने बसणाऱ्या बटणांचे कान पातळ पत्र्यासाठी केलेले असतात. जाड लाकडात ते पलीकडे पोहोचत नाहीत आणि बटण वर निघून येते. अशा वेळी मागून नट आवळण्याची ओबीएसएन जातीची बटणे घ्यावीत, किंवा जॉयस्टिकच्या जागी लाकूड खालच्या बाजूने राउटरने खोदून चार-पाच मिलिमीटरपर्यंत पातळ करावे. मला सर्वांत समाधानकारक वाटलेली रचना म्हणजे लाकडाच्या चौकटीवर तीन मिलिमीटरचा धातूचा पत्रा. ॲक्रिलिक वापरायचे असेल तर ते पत्र्यावर किंवा लाकडावर आवरण म्हणून वापरावे; एकटे ॲक्रिलिक जोरात खेळताना लवते, आणि त्याला घाईने भोक पाडले तर ते वितळते किंवा तडकते. त्याच्याखाली लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरावा आणि ड्रिल मंद गतीने चालवावे. एमडीएफ कापायला सोपे आहे, पण त्याच्या कडा घाम आणि ओल शोषून फुगतात, म्हणून रंग देण्यापूर्वी कडा नीट बंद करणे अनिवार्य आहे.

भोकांचा नकाशा कागदावर छापून चिकटवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र प्रिंटर पानाच्या मापात बसवण्यासाठी आकृती गुपचूप लहान करतो. आकृतीतच १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवावी आणि छापल्यावर ती पट्टीने मोजून पाहावी. आतली पोकळी पाच-सहा सेंटीमीटर असली की जॉयस्टिक, बटणांचे पाय आणि वायरी दाटी न होता मावतात. तळहात टेकायला बटणांच्या अलीकडे ऐसपैस जागा सोडावी. पुष्कळ घरगुती पेट्या देखण्या असूनही याच कारणाने वापरायला त्रासदायक ठरतात. वजनात कंजुषी करू नये. दोन किलोची, खाली रबराचे पाय लावलेली पेटी टेबलावर जागची हलत नाही, आणि पेटी हलत नसली की संचातील सामान्य बटणेसुद्धा बरी वाटू लागतात. उलट हलक्या पेटीत बसवलेली महागडी जॉयस्टिक आपला गुण दाखवूच शकत नाही, कारण हात दांड्याबरोबर पेटीलाही ढकलत राहतो.

काही संचांत टर्बो बटणांची, म्हणजे दाबून धरले की आपोआप भराभर दाब पाठवणाऱ्या बटणांची, सोय असते आणि घरगुती सर्किटात ती ५५५ टायमरच्या चिपने सहज करता येते. तिथे वेग वाढवण्याला एक नैसर्गिक मर्यादा आहे. कन्सोल सेकंदाला ६० वेळा बटणे वाचत असेल तर एका चौकटीत दाबलेले आणि पुढच्या चौकटीत सोडलेले, असे सेकंदाला जास्तीत जास्त ३० दाबच त्याला दिसू शकतात. टायमर ६० च्या जवळ नेला तर उलटाच प्रकार होतो: प्रत्येक वाचन योगायोगाने दाबलेल्या किंवा प्रत्येक वाचन सुटलेल्या अवस्थेवर पडते आणि बटण एक तर कायमचे दाबल्यासारखे किंवा मेल्यासारखे वाटते. दहा ते पंधराच्या दरम्यान ठेवलेला टर्बो बहुतेक खेळांत नीट चालतो. निंटेंडोने १९८७ मध्ये काढलेल्या एनईएस ॲडव्हान्टेज या जॉयस्टिकवर टर्बोचा वेग बदलण्यासाठी फिरवण्याच्या खुंट्या होत्या, आणि ‘स्लो’ नावाचे एक बटणही होते, जे प्रत्यक्षात स्टार्ट भराभर दाबून खेळ थांबवत-चालवत असे. ही क्लृप्ती ज्या खेळांत स्टार्ट दाबल्यावर वेगळा पडदा उघडतो त्यांत अर्थातच फसते. घरी बांधताना खुंटीची नक्कल जरूर करावी. ‘स्लो’चा मोह टाळावा.

जुन्या यंत्राची खरी जोडणी मिळवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कंट्रोलरची लांबी वाढवणारी केबल विकत घेऊन तिचे एक टोक कापणे. अशा केबलमधील वायरींचे रंग उत्पादकागणिक बदलतात, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक टाचणी मल्टिमीटरने शोधावी आणि पाच व्होल्टची वायर सर्वांत शेवटी जोडावी. पेटीत शिरते त्या जागी केबलला आतल्या बाजूने गाठ मारावी किंवा दाबपट्टी लावावी, कारण कोणी केबलला अडखळले तर तो ताण थेट झाळलेल्या सांध्यांवर येतो. केबल दोन-तीन मीटरपर्यंत लांब ठेवली तरी माझ्या यंत्रावर वाचनात फरक पडला नाही. त्याहून लांब केबल घ्यायची असेल तर क्लॉक आणि डेटा यांच्या वायरी केबलमध्ये एकमेकींना चिकटून जाणार नाहीत, त्यांच्यामध्ये ग्राउंडची वायर येईल, अशी मांडणी करावी.